यारीचा हूक

विहिरी खणून पोट भरणारं एक घर होतं. घरात हणमंतराव, त्यांची बायको, मुलगा तुळशीराम आणि तुळशीरामची नवी बायको मंदा. नखांवरची हळद अजून पुरती गेली नव्हती, तोवर मंदाने सासरची एक गोष्ट ओळखली. या घरात चूक विसरली जात नसे. सासूबाईंच्या हातून एकदा तेलाची बरणी कलंडली होती. ती गोष्ट मंदाच्या जन्माआधीची. तरी हणमंतराव अजून जेवताना विचारत, "काय, आज तेल आमटीत आहे का जमिनीत?" सगळे हसत. सासूबाईही हसत. मंदा मात्र त्यांच्या हाताकडे बघे. हसताना तो हात भाकरीचा तुकडा चुरगाळत असे.

विहिरींच्या कामाचे दिवस आले. या घराची सगळी भिस्त यारीवर. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं करायचं उंच लोखंडी यंत्र. त्याच्या दोराच्या टोकाला हूक, हुकाला लोखंडी पाटी. पाटीतून गाळ वर येई, माणूस खाली जाई. पावसाळाभर पडून हुकाला गंजाचे पापुद्रे सुटले होते.

तुळशीरामने अंगणात प्लास्टिकचा टब मांडला. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला. एका बाजूला भंगारातला गंजका पत्रा सोडला, दुसऱ्या बाजूला हूक टांगला. मग बॅटरीचा चार्जर मंदाच्या पुढे ठेवला.

"लाल चिमटा पत्र्याला, काळा हुकाला. पत्रा झिजतो, हुकाचा गंज सुटतो. पाण्यात हात घालायचा तर आधी चार्जर बंद. ध्यानात राहील ना?"

"हं," मंदा म्हणाली.

बापलेक यारी उभी करायला दोन दिवसांसाठी शेजारच्या गावी गेले.

मंदाने चिमटे हातात घेतले आणि ती अडली. दसऱ्याला या हुकाला हळदकुंकू लागतं. त्याला काळा चिमटा, आणि भंगाराला लाल? घाईत उलटं बोलले असतील. तिने ओट्याकडे पाहिलं.

"मला विचारू नकोस बाई," सासूबाई तिथूनच म्हणाल्या. "त्या करंटाजवळ मी मेले तरी येणार नाही."

मंदाने लाल चिमटा हुकाला लावला.

पाण्यात बुडबुडे आले. पाणी तांबूस झालं, मग चिखलासारखं. काम चांगलं चाललंय असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार्जर बंद करून तिने दोन्ही वस्तू बाहेर काढल्या. भंगारातला पत्रा लख्ख झाला होता. आणि हुकाची मान, जी अंगठ्याएवढी जाड होती, ती करंगळीएवढी उरली होती.

मंदाने घाईने चिमटे बदलले, हूक पुन्हा पाण्यात सोडला. सकाळी तारेच्या ब्रशने घासला, तेल लावलं. आता तो काळाभोर, गुळगुळीत दिसत होता. नव्याहून नवा.

सासूबाईंनी तो हातात तोलला. "अगंबाई, हलका झाला की गं!"

"गंज गेला ना, आत्याबाई," मंदा म्हणाली.

आपण इतक्या सहज बोललो याचीच तिला भीती वाटली. पण जन्मभर जेवताना ऐकायचं वाक्य तिला आधीच ऐकू येत होतं: "काय, आज हूक यारीला आहे का पाण्यात?" गाळच तर काढायचाय, तिने मनाला सांगितलं. तुटला तर गाळ पडेल.

पूजेसाठी दोघी हूक घेऊन त्या गावच्या विहिरीवर गेल्या. विहीर जुनी आणि खोल होती. मंदाने वाकून पाहिलं. तळ दिसला नाही. नुसता गार, कुबट वारा तोंडावर आला. हणमंतरावांनी बोलण्याच्या नादात, नीट न बघताच हूक अडकवला. विहिरीच्या मालकाला ते म्हणाले, "सुनेचं काम बघा. हात लावला की लोखंड उजळतं!"

मालकाने नारळ फोडायला उचलला आणि तुळशीराम पाटीत चढून बसला.

गाळाच्या आधी गाळ भरणारा माणूस खाली जातो, हे मंदाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सांगितलं तर जन्मभर ऐकावं लागेल. नाही सांगितलं तर... पुढचं तिला मनातसुद्धा पुरं करवेना. दोर ताणला गेला. पाटी काठावरून सुटून विहिरीवर अधांतरी आली.

"तुळशीराम!"

नव्या नवरीने नवऱ्याचं नाव घेतलं, तेही चारचौघांत, ओरडून. नारळ मालकाच्या हातातच राहिला.

"विहिरीत उतरू नका! हूक मी बिघडवलाय. तारा उलट लागल्या माझ्याकडून. मान झिजलीय त्याची."

हणमंतराव लालबुंद झाले. मालक बघत होता. "काही झालेलं नाही. नवी पोर आहे, घाबरलीय. बस रे तू."

मंदाने हात लांबवून पाटीचा काठ धरला आणि ती मागे ओढली. तिने हात सोडला नाही. "मग आधी दगड बसवा, मामंजी."

तुळशीराम पाटीतून काठावर उतरला. पाटीत एका माणसाच्या वजनाइतके दगड भरले. पाटी खाली जाऊ लागली. अंधारात शिरली. कट्कन आवाज झाला. दोर एकदम सैल होऊन हवेत उडाला. मग काहीच नाही. आणि मग, फार खालून, दगडांवर दगड आदळल्याचा आवाज आला.

तुळशीरामने दोर ओढून घेतला; टोकाला हुकाची नुसती तुटकी मान होती.

"घरीच का नाही सांगितलंस?" हणमंतरावांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"भीती वाटली."

"अगं, भीती विहिरीची वाटावी!"

"मला तुमची वाटली, मामंजी."

हणमंतरावांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं.

"मलाही वाटते," सासूबाई म्हणाल्या.

तात्पर्य: झाकलेली चूक शेवटी कुणाच्या तरी जिवावर टांगली जाते. आणि ज्या घरात चूक सांगायची भीती वाटते, त्या घराने आपल्या मजबूत हुकाचाही भरवसा धरू नये.