इसाकचाचा आणि अडलेलं गलबत

आपल्या खाडीत शिडाची गलबतं येत होती, धक्क्यावर कौलं आणि सुपारी उतरत होती, त्या दिवसांतली ही हकिगत. कासवलीत तेव्हा इसाक नावाचा खलाशी राहायचा. शीड ओढताना तो गाऊ लागला की किनाऱ्यावरच्या बायका हातातलं काम थांबवायच्या, असं म्हणतात.

एका वर्षी गावात दलाल आला. अरबांच्या मुलखात कामच काम आहे, कागदबिगद काही लागत नाहीत, म्हणाला. इसाक तयार झाला. धाकटा भाऊ याकूब कचरत होता, त्यालाही त्यानंच समजावून सोबत घेतलं.

गलबत निघाल्यावर बाराव्या दिवशी जमीन दिसली. पण पहाऱ्याच्या भीतीनं नाखवा किनाऱ्याजवळ जाईना. त्यानं सगळ्यांना भर समुद्रातच उड्या मारायला लावल्या. चौदा जणांतला एकटा इसाक काठाला लागला. तिथं पकडला गेला आणि दोन वर्षं तुरुंगात काढून परत आला.

तेव्हापासून त्याचे कपडे कधी वाळले नाहीत, असं म्हणतात. भर वैशाखातही सदऱ्यातून खारं पाणी ठिबकायचं. तशाच अंगानं तो गावोगाव फिरला, जाऊ नका म्हणून सांगत राहिला. लोक म्हणायचे, याला जमलं नाही म्हणून दुसऱ्यांना अडवतो. दर्या कुणाला घेतो, कुणाला देतो.

मग पुन्हा तसंच गलबत आलं. सोळा माणसं चढली. भरतीच्या वेळी इसाक छातीभर पाण्यात जाऊन गलबतासमोर उभा राहिला. वारा भरपूर होता, शीड टरारून फुगलं होतं, पण गलबत तसूभर हललं नाही, असं म्हणतात. नाखव्यानं त्याच्यावर वल्हं उगारलं. तेव्हा इसाक आजवर कुणाला न सांगितलेलं बोलला.

"याकूबला मी ओढून नेला होता. बुडताना तो ओरडला नाही. 'भाई, पाय टेकत नाहीत,' एवढंच म्हणाला. त्याचा हात माझ्या हातात होता. मीच सोडला."

काठावर त्याची आई, आमिनाबी, उभी होती. तिनं ते ऐकलं. ती लुगडं सावरत पाण्यात उतरली, लेकाजवळ गेली आणि त्याचा हात धरून उभी राहिली. मग एकेक करून सोळाही जण खाली उतरले.

आता ती गलबतं नाहीत, तो धक्काही गाळानं भरला. पण कासवलीतून कुणी परदेशी निघालं, की अजून इसाकचाचाच्या नावानं सगळे मशिदीपुढच्या पारावर जमतात आणि निघालेल्याचे कागद मोठ्यानं वाचतात. कागद नीट असले, तर गाव वेशीपर्यंत पोहोचवायला जातं. नसले, तर त्याचं सामान घरी न्यायला सगळे हात लावतात. आणि रुसून बसलेल्या त्या माणसाला त्या दिवशी कुणी एकट्यानं जेवू देत नाही.