खार आणि तांबड्या मुंग्या

उंच डोंगरमाथ्यावर, जिथे भर उन्हाळ्यातही सकाळी धुके उतरते, अशा एका रानात एक खार राहत होती. मोठी जिद्दीची. एकदा मनात घेतले की ते केल्यावाचून तिला चैन पडत नसे. पण एके दिवशी वादळ झाले, तिचे हिरड्याचे झाड मुळासकट उपटून पडले आणि बिचारी बेघर झाली. त्यातून तिचे दिवस भरत आले होते. पिल्ले व्हायच्या आत आसरा हवा, म्हणून ती एकटीच डोंगर उतरून खालच्या उष्ण रानात आली.

खाली सगळेच निराळे होते. हवा दमट, ऊन रणरणते, आणि जिथे पाहावे तिथे काही ना काही वळवळत, गुणगुणत, सरपटत होते. डोळ्यांपुढे चिलटे नाचत. कानाशी डास भुणभुणत. झाडाची साल उचकटावी, तर खालून गोम पळे. वरच्या गारव्यात यातले निम्मे किडे तिने कधी पाहिलेही नव्हते.

नदीकाठी तिला एक डेरेदार आंबा दिसला. त्याच्या खोडात, चांगल्या उंचीवर, एक ढोली होती. तोंड अरुंद, आतून कोरडी, ऐसपैस. पिल्लांसाठी याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

"एवढी छान ढोली रिकामी कशी?" तिने खोडावर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्या सरड्याला विचारले.

"मुंग्यांमुळे, खारूताई," सरडा मान वरखाली करत म्हणाला. "जरा वर बघ."

खारीने वर पाहिले. फांद्याफांद्यांच्या टोकांना हिरव्या पानांचे नारळाएवढे गोळे लटकत होते. पाने एकमेकांना चिकटवून तांबड्या मुंग्यांनी बांधलेली ती घरटी होती. त्यांची लांबच लांब रांग ढोलीच्या अगदी तोंडावरून जात होती आणि पुढे एका जाड वेलीवरून शेजारच्या जांभळाच्या झाडावर पोहोचत होती.

"चावतात का हो?"

"चावतात तर! डोळ्यांतून पाणी काढतात. पण मी इथे सात उन्हाळे काढलेत. त्या त्यांच्या वाटेनं जातात, मी माझ्या. माझं ऐकशील, तर चार दिवस नुसतं बघ. कोण कुठून जातं, काय खातं, कोणाला भितं. मग काय ते ठरव."

पण खारीला चार दिवस थांबायला सवड कुठली? तिने धावपळ करून काथ्या, वाळके गवत, सावरीचा कापूस असे मिळेल ते गोळा केले, ढोलीत मऊ गादी केली, आणि तिसऱ्या दिवशी तिला तीन पिल्ले झाली. गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाएवढी.

आता खरी लढाई सुरू झाली. गादीत पिसवा झाल्या. तिने गादी बाहेर फेकली आणि नवी केली. ढोलीच्या कपारीत एक पाल राहायला आली. खारीने तिला शेपटीने हाकलून लावले. कोळ्याने तोंडाशी जाळे विणले. तिने ते ओरबाडून काढले. संध्याकाळ झाली की डासांचे थवे यायचे, आणि ती पिल्लांवर शेपटी पांघरून जागीच बसायची. "हे रान माझं घर होईल, नाहीतर मी नावाची खार नाही," असे ती रोज स्वतःलाच बजावत असे.

एके दुपारी ती पाडाचा आंबा कुरतडून ढोलीत आली आणि लहानग्याला कुशीत घेऊन चाटू लागली. तिच्या मिश्यांवरचा रस पिल्लाच्या अंगाला लागला. ती पुन्हा बाहेर गेली. परत येते तो पिल्लू किंचाळत होते. दोन तांबड्या मुंग्या त्याच्या पोटाला डसल्या होत्या!

खारीने मुंग्या उपटून फेकल्या आणि तशीच ती त्यांच्या रांगेसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमच्यात मोठं कोण आहे? पुढे या!"

एक टपोरी मुंगी रांगेतून बाहेर आली. "बोल, बाई."

"माझ्या लेकराला चावलात! लाज नाही वाटत?"

"चावलो खऱ्या," मुंगी शांतपणे म्हणाली. "त्याच्या अंगाला गोड वास येत होता. रसाचा माग काढतच आमच्या दोघी आत शिरल्या. असं कर, दारात फळ खात जाऊ नकोस, उंबरा स्वच्छ ठेव. आम्ही आमची वाट वीतभर खाली घेतो. उगाच चावायला आम्हांला तरी कुठे वेळ आहे?"

"मी कशाला उंबरा पुसत बसू? या झाडावर एक तर तुम्ही राहाल, नाहीतर मी!"

वरच्या फांदीवर बसलेला कावळा हे सारे ऐकत होता. तो हळूच खाली उतरला. "बरोबर बोललीस, खारूताई! कोण सहन करेल हे? तुझे दात केवढे धारदार! घरट्यांचे डहाळे कुरतडलेस, की सगळ्या पटापट खाली. आणि ती वेल तोडलीस, की पुन्हा यायचं नाव नको."

"नको गं," सरडा खालून म्हणाला. "बांधलेलं मोडायला फार वेळ लागत नाही. जरा विचार कर."

खारीने विचार केला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचे दात करकर चालले. एकामागून एक घरटी खाली आदळली. मुंग्या आपली अंडी तोंडात धरून सैरावैरा पळाल्या आणि वेलीवरून जांभळावर गेल्या. शेवटी खारीने वेलही तोडली. तिच्या अंगावर चाव्यांच्या गांधी उठल्या होत्या, पण छाती अभिमानाने फुलली होती. खाली पडलेल्या घरट्यांशी कावळा काय करतो आहे, हे पाहायचे तिला भानच नव्हते.

पाचसहा दिवस फार सुखाचे गेले. मग आंब्याच्या कोवळ्या फुटीवर बारीक तुडतुडे दिसू लागले. सगळी पाने चिकट झाली. केसाळ सुरवंट आले आणि त्यांनी पानांची चाळण केली. त्यांना खाऊन टाकणाऱ्या मुंग्या आता झाडावर नव्हत्या. पाने विरळ झाली तशी दुपारचे ऊन थेट ढोलीत येऊ लागले, आणि पिल्ले तापून धापा टाकू लागली. खारीने तोंडात मावतील तेवढे सुरवंट उचलून खाली टाकले. तोंड खाजून सुजले. ती टाकत राहिली, ते येत राहिले.

आणि एका सकाळी, मुलांनो, खोडावर सरसर असा आवाज झाला.

खारीने डोकावून पाहिले. एक लांबलचक धामण खोडाला वळसे घालत वर येत होती! सरडा जीव घेऊन पळाला. खार बाहेर फांदीवर येऊन शेपटी फुलवून चिरचिर ओरडू लागली, पण धामण थांबली नाही. तिने ढोलीच्या तोंडाशी डोके नेले मात्र, खारीने मागून झेप घेतली आणि तिच्या शेपटीचा कडकडून चावा घेतला. धामण झटक्यात वळली, तिची पकड सुटली आणि ती धपकन खाली पडली.

गवतातून तिने वर पाहिले. "आज सुटलीस. मला घाई नाही. तीन उन्हाळे मी या झाडाकडे नुसती बघत होते. त्या तांबड्या मुंग्या पहिल्या फांदीपर्यंतसुद्धा चढू देत नव्हत्या. तू मला वाट करून दिलीस. मी पुन्हा येईन."

धामण गेली. खार ढोलीच्या तोंडाशी राखण करत बसली. सरडा परत आला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "सरडेबुवा, तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"मलाच कुठे ठाऊक होतं, पोरी? धामण येतच नव्हती, तर कोणामुळे येत नव्हती हे कळणार कसं?" सरडा खिन्नपणे म्हणाला. "आता पिल्लांना घेऊन दुसरीकडे जा."

"कुठे जाऊ? डोळे अजून उघडले नाहीत त्यांचे. या काठावर दुसरी ढोली नाही." खार उठून उभी राहिली. "मुंग्यांना मी घालवलं. मीच परत आणीन."

ती तडक जांभळावर गेली. ती टपोरी मुंगी तिथे नवी पाने जोडत होती. खारीने तिच्यापुढे मान खाली घातली.

"चुकलं माझं. तुम्ही परत चला."

"परत?" मुंगी म्हणाली. "तुझ्यापायी आमची किती अंडी गेली, ठाऊक आहे? आणि यायचं कुठून? वेल तर तू तोडलीस."

"तुमची घरटी मी तोंडात धरून नेईन. वरच्या फांदीवर, तुम्ही म्हणाल तिथे ठेवीन. त्या आंब्याला तुडतुडे लागलेत, सुरवंट झालेत. तुम्हांला खायला भरपूर आहे."

मुंगीने मिश्या हलवल्या. "जांभळावर आमचं पोट भरत नाही, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण एक ऐकून ठेव. घर हललं, की आमच्या सगळ्या चावत सुटतात. मी सांगूनही थांबायच्या नाहीत. तोंडावर, डोळ्यांवर, कुठेही चावतील."

"चावू देत," खार म्हणाली.

तिने पहिला डहाळा कुरतडला, दातांत घट्ट धरला आणि ती खाली निघाली. दोन पावले गेली नाही तोच मुंग्या बाहेर पडल्या. ओठांवर, नाकावर, पापण्यांवर जणू निखारे फुलले. जांभळापासून आंब्यापर्यंतची जमीन थोडीच होती, पण त्या दिवशी ती संपता संपेना. खार कण्हत होती, पण दातांतला डहाळा सोडत नव्हती. आंब्यावर चढून तिने घरटे बेचक्यात अलगद ठेवले, नदीवर जाऊन तोंड पाण्यात बुडवले आणि पुन्हा जांभळाकडे गेली.

दुसऱ्या खेपेला कावळा आडवा आला. "वेडी का तू? चेहरा बघ कसा भोपळा झालाय! टाक ते इथेच."

खारीने वर पाहिले. कावळ्याच्या चोचीला मुंगीचे एक पांढरे अंडे चिकटले होते, पहिल्या खेपेत वाटेत सांडलेले. त्या दिवशी तो तिच्या बाजूने का बोलला, ते तिला आत्ता समजले. तोंडात डहाळा असल्यामुळे तिला बोलता येईना. ती त्याला वळसा घालून पुढे गेली.

तिसऱ्या खेपेपर्यंत तिचा एक डोळा पूर्ण मिटला होता. आंब्याच्या बुंध्याशी येते तो सरडा वरून ओरडला, "खारूताई, धामण!"

धामण पलीकडच्या बाजूने खोडावर चढत होती, आणि ढोलीपासून हातभर अंतरावर होती. खारीने क्षणभरही वाया घालवला नाही. डहाळा दातांत तसाच धरून ती दुसऱ्या बाजूने सुसाट वर चढली, ढोलीच्या तोंडाशी आडवी झाली आणि धामण समोर येताच तिने ते घरटे तिच्या डोक्यावर आदळले.

पाने फाटली. शेकडो मुंग्या धामणीच्या डोळ्यांवर, नाकपुड्यांत, खवल्यांच्या फटींत घुसल्या. वरच्या दोन घरट्यांतल्या मुंग्याही खोडावरून लोंढ्यासारख्या खाली आल्या. धामण फुत्कारली, अंग पिळवटून खोडावर डोके आपटू लागली आणि शेवटी खाली कोसळून गवतातून नदीकडे पळत सुटली. त्या झाडाकडे ती पुन्हा कधी फिरकली नाही.

खार ढोलीत शिरली. तिन्ही पिल्ले एकमेकांना बिलगून झोपली होती. तिने त्यांना कुशीत घेतले आणि तिला रडू कोसळले.

संध्याकाळी टपोरी मुंगी ढोलीच्या तोंडाशी आली. फाटलेल्या घरट्यातली अंडी त्यांनी सावरून वरच्या घरट्यांत नेली होती. "आमची वाट वीतभर खाली घेतली आहे," ती म्हणाली.

"आणि मी दारात फळ खाणार नाही," खार सुजलेल्या ओठांनी म्हणाली.

पुढे खारीने सरड्याने सांगितले होते तेच केले. ती शांतपणे बघू लागली. कोळ्याच्या जाळ्यात किती डास अडकतात, हे तिने पाहिले आणि जाळे राहू दिले. पाल पुन्हा आली, तेव्हा तिला कपारीत जागा दिली. गादीत कडुनिंबाचा पाला घातला, तशा पिसवा कमी झाल्या. चिलटे मात्र होती तशीच राहिली. त्यांच्यावर काही उपाय नव्हता. खार कान झटकायची आणि आपल्या कामाला लागायची. महिन्याभरात आंब्याला नवी पालवी फुटली आणि ढोलीवर पुन्हा सावली आली.

पिल्ले मोठी होऊन फांद्यांवर खेळू लागली. एकदा लहानगे पाय झटकत धावत आले. "आई, आई! मुंगी चावली मला! हाकलून दे ना तिला!"

खारीने त्याचा पाय चाटला आणि विचारले, "तू कुठे उभा होतास?"

"तिथे. त्यांच्या रांगेत."

"मग बाळा, जरा बाजूला उभा राहा," खार म्हणाली.

तात्पर्य : जो आपल्याला त्रास देतो, तोच कधी कधी आपले रक्षणही करत असतो. म्हणून शेजाऱ्याला हुसकावण्याआधी त्याला नीट ओळखावे. आणि चूक झालीच, तर कितीही सोसावे लागले तरी ती आपणच निस्तरावी.