दोन टोपल्या शिंपल्या

पूर्वी वेलापट्टणात सुप्रभ राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व गलबते हाकणाऱ्या तांडेलांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव तारक.

वेलापट्टणाच्या दक्षिणेला काळटोक नावाचे भूशिर समुद्रात घुसले होते. पश्चिमेच्या खाडीतून पूर्वेच्या खाडीत जायचे तर या टोकाला वळसा घालावा लागे. तिथले खडक दरवर्षी दोन-चार गलबते फोडत. तारकाचा एकुलता मुलगा मेघ तिथेच गेला. त्याचे पागोटेसुद्धा परत आले नाही.

दोन खाड्यांच्या मध्ये जमिनीची अरुंद पट्टी होती. बैलगाडी अर्ध्या प्रहरात पलीकडे पोचे. "एवढी जमीन कापा, महाराज, आणि कालवा काढा," असे तारक दहा वर्षे विनवीत होता. राजा ऐकून घेई आणि दुसऱ्या कामाला लागे. मग शेजारच्या राजाने काळटोकापाशी लढाऊ नावा आणून ठेवल्या आणि व्यापाऱ्यांची वाट अडवली. तेव्हा सुप्रभाला कालवा आठवला.

प्रधान वसुमित्राने मोजणी केली. वाटेत सात गावांचे गोड्या पाण्याचे तळे होते आणि कालवा त्याच्या बांधाला लागून जाणार होता. पण प्रधान म्हणाला, "दोन्हीकडच्या भरतीच्या खुणा एकाच उंचीवर आहेत. कालव्यातले पाणी ताटातल्यासारखे निवांत राहील. बांधाला धक्का नाही."

राजाने तारकाला बोलावले. "तांडेल, पहिले गलबत तू ने. कालव्याला नाव तुझ्या मेघाचे देऊ."

तारकाने हात जोडले. तो घरी आला आणि त्याने मेघाच्या बायकोला, केतकीला, हे सांगितले.

केतकी शिंपल्या निवडत होती. तिचे हात थांबले. मग हळूच म्हणाली, "मामंजी, एक विचारू? प्रधानजींनी दोन्ही खुणा एकाच वेळी घेतल्या का?"

"सकाळी इकडे घेतली. मग मेण्यातून गेले, वाटेत जेवले आणि दुपारी तिकडची घेतली."

"मग झालं! आम्ही बायका ओहोटीला इकडे टोपली भरतो आणि चालत पूर्वेला जातो. तिथे ओहोटी तेव्हा कुठे लागलेली असते. म्हणून तर दिवसाला दोन टोपल्या होतात. प्रधानजींना कधी शिंपल्या वेचायला न्यायला हवं होतं."

पूर्वेचे पाणी एक प्रहर मागे चालते, हे तारकाला लहानपणापासून ठाऊक होते. पण मनात मेघ होता. तिथे दुसरे काही मावलेच नव्हते. एकीकडे भरती आणि दुसरीकडे पाणी उतरलेले, म्हणजे कालव्यातून दिवसाला चार वेळा लोंढा धावणार. तो बांध खाणार आणि तळे खारे होणार.

"मी बोललो तर कालवा होणार नाही, केतकी. मेघाचं नावही जाईल."

केतकीने डोळे पुसले. "त्याने त्याच तळ्याचं पाणी पिऊन हाडं वाढवली, मामंजी."

दुसऱ्या दिवशी राजाने पहिली कुदळ उचलली, तोच तारक पुढे झाला. "महाराज, कुदळ खाली ठेवा."

वसुमित्र हसला. "दहा वर्षं तूच मागे लागला होतास ना?"

"मीच. म्हणून थांबवायलाही मीच यायला हवं."

दोन्हीकडचे पाणी एकाच वेळी दाखवायला त्याने पट्टीभर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर शंख घेऊन माणसे उभी केली. राजाला पूर्वेच्या खाडीत भरतीची खूण केलेल्या खुंटापाशी नेले. पश्चिमेचे पाणी खुणेला टेकले तसा शंख वाजला आणि माणसामाणसांतून तो नाद पूर्वेला आला. राजाने खाली पाहिले. पाणी खुणेच्या पुरुषभर खाली होते.

वसुमित्राने मान खाली घातली. "माझं जेवण नडलं, महाराज."

राजा हसला नाही. "मग माणसं काळटोकाला अशीच मरू देऊ?"

"नाही," तारक म्हणाला. "पावसाळ्याआधी आम्ही होड्या तेल लावलेल्या ओंडक्यांवरून वर ओढतो. गलबत रिकामं करून तसंच ओढू. माल गाड्यांतून जाईल. पट्टी न कापता ओलांडू."

सात गावे कामाला लागली. तळ्यापासून दूर, सपाट वाटेवर ओंडके पडले. पहिल्या गलबताला दोनशे माणसे लागली, पण ते काही केल्या हलेना. प्रत्येक जण आपापल्या वेळी ओढत होता.

"सगळ्यांनी एकदम ओढा!" तारक ओरडला. "काहीतरी हाक द्या!"

मग केतकीने पदर खोचला, दोराला हात घातला आणि जीव एकवटून हाक दिली, "मेघा हो!"

"मेघा हो!" दोनशे गळे गरजले. गलबत कुरकुरले आणि पुढे सरकले.

पुढे कितीतरी पिढ्या त्या वाटेने गलबते गेली. काळटोकाला कोणी जाईना. ओढणाऱ्यांची हाक तीच राहिली आणि तळ्याचे पाणी गोडच राहिले.

ही कथा सांगून शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, त्या जन्मीच्या माणसांची ओळख करून दिली. सुप्रभ राजा म्हणजे आताचा आनंद. वसुमित्र तो कालउदायी. केतकी ती उत्पलवर्णा. समुद्रात गेलेला मेघ, तो राहुल. "आणि तारक तांडेल मीच होतो." मग शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, जे आपल्याला सर्वांत प्रिय, त्याच्याविरुद्ध खरे बोलणे, ही सत्य पारमी, म्हणजे सत्याची पराकाष्ठा."