टिकलीच्या गळ्यातली घंटा

त्या माळावर घंटेचं राज्य होतं. ज्याच्या गळ्यात घंटा त्यानं पुढं चालायचं, बाकीच्यांनी आवाजामागे. मेंढरांना ही सोय फार आवडायची. विचार करायचा तर मान वर करावी लागते, आणि तेवढ्यात शेजारीण आपलं गवत खाऊन टाकते.

आधी घंटा रावजी नावाच्या एडक्याकडे होती. समोर येईल ते आपल्याला आव्हान देतंय, असं रावजीला वाटे. त्यानं वारुळाला टक्कर दिली, बाभळीला दिली, एकदा तर स्वतःच्या सावलीला. मागचा कळपही टकरा घेत चालू लागला. चांगल्या वयस्क मेंढ्या कपाळ सुजवून घ्यायच्या आणि त्याला शिस्त म्हणायच्या. शेवटी एका खडकानं माघार घेतली नाही. रावजी तीन दिवस झोकांड्या खात राहिला आणि घंटा टिकली शेळीच्या गळ्यात पडली.

टिकलीला भांडणाची हौस नव्हती. तिला फक्त थांबता येत नव्हतं. एका झुडपाचं पान तोंडात असताना तिचा डोळा पुढच्या झुडपावर. महिन्याभरात कळप तसाच झाला. अर्धा घास चावायचा, अर्धा तसाच गिळायचा, चालायचं. रवंथ करायला कोणी बसलं की बाकीचे नाक मुरडायचे. सगळ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या, आणि आपण केवढं पुढं आलो, हे सगळे एकमेकांना सांगू लागले.

मागून लांडगे येत होते. त्यांना घाई नव्हती. कळप एकत्र असला की ते जवळ येत नसत. जो मागं राहील त्याची वाट बघत.

भुरी नावाची मेंढी गाभण होती. एका दुपारी ती धापा टाकत टिकलीला गाठायला पुढं आली.

"टिकलीताई, दिवस भरलेत माझे. आज इथंच बसू या."

"अगं, थोडंच राहिलंय."

"काय राहिलंय?"

"चालायचं."

रावजी मागून खाकरला. "आमच्या वेळी असं नव्हतं."

"तुमच्या वेळी तुम्हाला दिसत तरी होतं का, रावजीमामा?" भुरी म्हणाली आणि तिथंच खाली बसली. कळा सुरू झाल्या होत्या.

टिकली थांबली. घंटा गप्प झाली, आणि कळप बिथरला. घंटा गप्प म्हणजे लांडग्यानं पुढारी गाठला, एवढंच त्यांना ठाऊक. कोणी ओढ्याकडे पळालं, कोणी टेकाडाकडे. रावजी टक्कर द्यायला बाभूळ शोधू लागला. लांब बसलेले लांडगे उठून उभे राहिले.

टिकली जागच्या जागी खूर आपटू लागली. "मला जमत नाही गं थांबायला. आणि थांबले तर हे असं."

"मग नको थांबूस," भुरी कण्हत म्हणाली. "पण लांब जाऊ नकोस."

टिकली चालू लागली, भुरीच्या भोवती. घंटा वाजली तशी पांगलेली मेंढरं वळली आणि सवयीनं मागं लागली. एक फेरा झाला, दुसरा झाला. रावजी रांगेच्या बाहेरून चालू लागला, कपाळ लांडग्यांकडे करून. त्याला तेवढंच येत होतं. लांडगे पुन्हा खाली बसले. आत भुरी ओल्या कोकराला चाटत होती.

आता फेऱ्याची दोन्ही टोकं जुळत आली, आणि टिकलीच्या नाकासमोर एक शेपटी आली. कळपाच्या अगदी शेवटी चालणारी मेंढी होती ती. तिचा मागचा एक पाय जमिनीला टेकत नव्हता. टिकलीनं तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"पायाला कधी लागलं गं?"

"त्याला बरेच दिवस झाले," मेंढी मान न वळवता म्हणाली. "आज घंटा फार जवळून ऐकू येतेय. तुम्हीपण मागं पडलात का, बाई?"

त्या तीन पायांच्या मागे टिकली एकेक खूर टाकत राहिली.