भागुजी तांबटानं मिटवलेली तक्रार

बसा. अन् आधी पैज. शेवट ओळखून दाखवायचा. आजवर तिघांनी पैज लावली, तिघंही हरले, त्यात एक तर मास्तर होता. तुम्ही हरलात तर चहा तुमच्याकडून. जिंकलात तरी तुमच्याकडूनच, मी काय हरायला बसलोय का इथं.

तर बोरखडीत एक भोळा तांबट राहायचा. नाव भागुजी. तांब्याचं भांडं असं घडवायचा की बघत राहावं. पण त्याला घडवताना देवाचं लक्ष नव्हतं, डोकं आतून ठोकायचं राहून गेलं. कुणी काही सांगितलं की भागुजी तसंच करायचा. तसंच म्हणजे अगदी तसंच. अन् विसरू नये म्हणून खांद्यावरच्या उपरण्याला गाठ मारायचा. एक सल्ला, एक गाठ.

सल्ले द्यायची त्याची बायको, यमुना. बाई हुशार. नशिबाला कोण काय करणार.

एकदा भागुजीनं मोडीत एक जुनं घंगाळ घेतलं. त्याच्या तळाशी चित्रांचं एक पुस्तक निघालं. 'वीर फुंकरनाथ', अंक सत्तेचाळीस. हा फुंकरनाथ तलवार-बिलवार वापरत नाही. शत्रू समोर आला की नुसती फुंकर मारतो. शत्रू पुढच्या पानावर.

मोबाइलच्या दुकानातल्या शकीलनं ते बघितलं अन् म्हणला, "भागुजीभाऊ, चुलीत घालू नका. असली जुनी कॉमिकं लोक ऑनलाइन घेतात." त्यानंच फोटो काढून टाकला. तिसऱ्या दिवशी विकलं. घेणारे सांगलीचे केतकर. किंमत सात हजार.

आता यमुनेला दोन वर्षं झाली, शिलाई मशीन घ्यायचं होतं. तालुक्याला एक बघूनही ठेवलेलं. किंमत तीच, सात हजार. दुकानदार म्हणला, "वहिनी, शनिवारपर्यंत थांबतो. मग दुसरं गिऱ्हाईक हाय." पण ऑनलाइनची रीत अशी की घेणाऱ्यानं 'माल पसंत' असं बटण दाबल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. तोवर मधीच लटकलेले. ना त्याचे, ना आपले.

यमुना म्हणली, "अवं, नीट बांधून पाठवा. भिजायला नको अन् आत हलायला नको."

भागुजीनं गाठ मारली. तांब्याचा पत्रा घेतला, मस्त चपटा डबा घडवला. डबा बोटभर तोकडा झाला. भागुजी म्हणला, बरं झालं, हलणार नाही. कॉमिक दाबून बसवलं, झाकण लावलं अन् चहूबाजूंनी कथील वितळवून, डाक लावून फटी बुजवून टाकल्या. पाणी शिरायची सोय नाही.

उघडायचीही नाही. सांगलीत केतकरांना तो डबा कापायला पत्रेवाला बोलवावा लागला. आतून कॉमिक निघालं, पण एक कोपरा चेपलेला.

झाली तक्रार.

शकील सांगत आला, "भाऊ, गिऱ्हाईक पेटलंय. आत्ता फोन येईल बघा."

यमुना म्हणली, "हे बघा, गिऱ्हाईक चिडलं की मधी तोंड घालायचं नाही. सगळं ऐकून घ्यायचं."

भागुजीनं गाठ मारली. फोन आला.

"हॅलो, भागुजी तांबट का?"

भागुजी गप्प.

"हॅलो, ऐकू येतंय का?"

येत होतं की. चांगलं ऐकू येत होतं. म्हणून तर गप्प होता. केतकर पाऊण तास हॅलो म्हणत होते. शेवटी त्यांचा घसा बसला.

यमुनेनं कपाळाला हात लावला. "अवं, माणूस काही विचारतोय, तर निदान हो म्हणावं माणसानं."

"असं व्हय," भागुजी म्हणला. गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी परत फोन.

"कोण, तांबट का?"

"हो."

"बोललात एकदाचे. अहो, कोपरा चेपलाय. हे तुम्हाला पाठवण्याआधी माहीत होतं?"

"हो."

"माहीत होतं आणि तरी पाठवलंत? म्हणजे मुद्दाम फसवलंत मला?"

"हो."

"आणि वर तोंड करून हो म्हणता. मी पोलिसात जाऊ का आता?"

"हो."

केतकरांनी फोन ठेवला. माणूस किती निर्ढावलेला असावा, म्हणले.

यमुना खाली बसली. मंगळवार उजाडलेला. शनिवार चार दिवसांवर. "अवं, अशा वेळी हो म्हणतात का? चुकलं साहेब, पुन्हा असं होणार नाही, असं म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही."

"आधी सांगायचं ना," भागुजी म्हणला अन् तिसरी गाठ मारली. डब्याची धरली तर चौथी.

इकडे केतकरांचा राग निवला. त्यांनी ते कॉमिक चष्मा लावून पान न् पान बघितलं. एक पान कमी नाही, एक टाचणी गंजलेली नाही. पस्तीस वर्षं हा अंक शोधत होता तो माणूस. त्याला भरून आलं. फोन लावला.

"तांबट, मी जरा जास्तच बोललो परवा. अंक अस्सल आहे. कोपऱ्याचं राहू दे, मी तक्रार मागं घेतो."

"चुकलं साहेब, पुन्हा असं होणार नाही."

"अहो, आता काय चुकलं? अस्सल आहे म्हणतोय मी."

"चुकलं साहेब."

केतकर थबकले. "म्हणजे... अस्सल नाहीये का?"

"चुकलं साहेब, पुन्हा असं होणार नाही."

बटणावर ठेवलेलं बोट केतकरांनी उचललं. म्हणले, आधी जाणत्या माणसाला दाखवतो, मग बघू.

यमुना भिंतीकडं तोंड करून बोलायला लागली. भिंत निदान गाठ मारत नव्हती. "तो माणूस गोड बातमी सांगतोय अन् हा चुकलं म्हणतोय. अवं, फोनवर काही बातमी दिली तर म्हणावं, देव करो, असा दिवस रोज येवो."

"हे चांगलंय," भागुजी म्हणला. "हे मला आवडलं." गाठ मारली, जरा मोठीच.

केतकर निघाले जाणत्याकडं. जाणता राहायचा तिसऱ्या मजल्यावर. त्यानं भिंग लावून बघितलं अन् म्हणला, अस्सल, बावनकशी. केतकर त्या आनंदात जिना उतरत होते. शेवटच्या चार पायऱ्या ते एकदम उतरले. घोट्याचं हाड मोडलं.

दवाखान्यातून फोन केला बिचाऱ्यानं. "तांबट, तुमच्यापायी जिन्यावरून पडलो. पाय मोडला. प्लास्टर घातलंय."

"देव करो साहेब, असा दिवस रोज येवो."

केतकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अहो, पाय मोडलाय माझा."

"घरच्या सगळ्यांना येवो."

हे घरच्यांचं यमुनेनं सांगितलेलं नव्हतं बरं का. ते भागुजीनं मनानं घातलं. हौस.

यमुना रडली नाही. रडायला वेळ कुठं होता, शुक्रवार आला होता. तिनं भाकरी बांधून दिली. "उठा. येष्टी धरा अन् सांगलीला जा. दुखल्याखुपल्याला माणूस जाऊन भेटतो. रिकाम्या हातानं जाऊ नका, हळद-तेल न्या. दुखतंय तिथं हळूच चोळा. अन् तक्रार मिटवूनच या."

भागुजीनं गाठ मारली. हळद-तेलाची बाटली घेतली. हातोडी पिशवीत होतीच, हातोडीशिवाय तो देवळातसुद्धा जात नसे.

केतकर एकटेच घरी होते. पाय उशीवर. भागुजी आत आला, रामराम केला, खाली बसला अन् पाय चोळायला लागला. प्लास्टरवरनं.

"अहो, काय करताय?"

"हळूच चोळतोय, साहेब."

पांढरंफेक प्लास्टर पाच मिनिटांत हळदीच्या नवरदेवासारखं झालं. केतकर बघत राहिले. अन् मग त्यांना हसू फुटलं. या माणसाच्या पोटात पाप नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. म्हणले, "बसा हो तांबट. इतक्या लांबून आलात. जेवून जा."

जेवण झाल्यावर त्यांनी कपाट दाखवलं. वीर फुंकरनाथाचे एकशे एकोणपन्नास अंक एका रांगेत, प्रत्येकाला काचेसारखी पिशवी. अन् त्यांच्यानंतर शेवटाला, दीडशे पुरे करायला, भागुजीचा सत्तेचाळिसावा.

"हे बघा, तांबट. खोटं नाही बोलत. अंक अस्सल आहे, मी खूश आहे. पण सगळ्यांचे कोपरे कसे सरळ, आणि हा एकटाच चेपलेला. रांगेत वेगळा दिसतो. डोळ्याला खुपतं, एवढीच काय ती तक्रार. असो. जरा पडतो मी, गोळीनं गुंगी आलीय. उठलो की बघू बटणाचं."

अन् ते घोरायला लागले.

भागुजीनं हळू आवाजात घरी फोन लावला. "अगं, साहेब म्हणतेत, सगळे सरळ अन् एकच चेपलेला. वेगळा दिसतो. काय करू?"

यमुनेचा जीव मेटाकुटीला आला होता. ती म्हणली, "अवं, मला किती विचारताल? रोज गिऱ्हाइकं येतात तुमच्याकडं भांडी घेऊन, कुरकुर करत. त्यांचं समाधान करता ना तुम्ही? तसंच करा."

चुकली बाई. तिथंच चुकली.

कारण तांबटाच्या धंद्यात काय असतं, तुम्हाला माहीत नसेल. सहा पेल्यांचा संच. त्यातल्या एकाला पोचा आला. गिऱ्हाईक म्हणतं, हा एकच वेगळा दिसतो. मग भागुजी काय करायचा? उरलेल्या पाचांना तसाच पोचा पाडायचा. सहाही सारखे. गिऱ्हाईक म्हणायचं, वा, नक्षी छान आहे.

हं. आता ओळखला म्हणताय शेवट? थांबा. मास्तरही इथंच फसला.

भागुजीनं हातोडी काढली. मग मनात म्हणला, साहेब झोपलेत, आवाज नको. मनानं फार चांगला माणूस. हातोडी बाजूला ठेवली अन् अंगठ्यानंच काम धरलं. एकेक अंक पिशवीतनं काढायचा, सत्तेचाळिसाव्याशी ताडून बघायचा, तेवढाच कोपरा, तेवढाच चेप. परत पिशवीत. कामात कसूर नाही. दोन तासांत एकशे एकोणपन्नास.

केतकर उठले. चष्मा लावला. रांग बघितली.

"तांबट," ते म्हणले. आवाज विहिरीतनं आल्यासारखा.

"आता बघा साहेब. ओळखा बघू त्यातला चेपलेला कुठला."

केतकरांना ओळखता आला नाही.

"वेगळा दिसतो का आता?"

"नाही."

"डोळ्याला खुपतो का एखादा?"

केतकरांनी चष्मा काढला. डोळ्यातनं पाणी येत होतं, त्याचा अर्थ भागुजीनं समाधान असा लावला.

"अजून काही तक्रार असेल तर सांगा साहेब. मोकळ्या मनानं सांगा. मी मुक्काम करतो. ते खालच्या कप्प्यातलं बी बघतो."

खालच्या कप्प्यात दुसऱ्या मालिकेचे दोनशे अंक होते. केतकर मोडक्या पायानं उठायला गेले अन् परत बसले. "नाही," ते म्हणले. "काही तक्रार नाही. माझी कुणाविषयी काही तक्रार नाही." मोबाइल घेतला अन् भागुजीच्या देखत 'माल पसंत' बटण दाबलं. दोनदा दाबलं.

सात हजार सुटले. शनिवारच्या आत. यमुनेचं मशीन पक्कं झालं.

आता कुणीही शहाणा माणूस इथं उठला असता.

भागुजी उठला नाही. "साहेब, मजुरीचं बघा की."

"मजुरी?"

"पोचा पाडायचे नगाला दहा रुपये घेतो मी. एकशे एकोणपन्नास नग, चौदाशे नव्वद झाले. तुमचा एक आधीच चेपलेला होता, त्याचे मी कशाला घेऊ?"

केतकर वाद घालायच्या पलीकडं गेले होते. उशीखालनं पाचशेच्या तीन नोटा काढल्या. "हे घ्या. पंधराशे. घ्या आणि जा."

"दहा वर झाले, साहेब. माझ्याकडं सुट्टे नाहीत. उद्या आणून देतो."

"नको," केतकर म्हणले. "उद्या नको. कधीच नको. ठेवा ते दहा, तुम्हाला माझी शपथ आहे. पण जा." अन् दोन्ही हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसले.

भागुजी दारापर्यंत गेला. पाय अडखळला. साहेबांनी शपथ घातली, म्हणजे दहा रुपये परत द्यायचे नाहीत. पण बिनकामाचा पैसा त्यानं जन्मात घरी नेला नव्हता. दहा रुपये घेतले, तर दहा रुपयांचं काम झालं पाहिजे.

त्यानं इकडं तिकडं बघितलं. दारावरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एकच अंक टांगलेला. वीर फुंकरनाथाचा पहिला. सरळच्या सरळ कोपरे, सगळ्यांत वेगळा.

आता साहेब जागे होते. आवाजाची भीती नव्हती. भागुजीनं हातोडी काढली.

एकच ठोका घातला. काम चोख.

दहा रुपये फिटले, म्हणून भागुजी समाधानानं येष्टीत बसला. तो पहिला अंक केतकरांनी घेतला होता साठ हजाराला.