आक्काच्या गाण्यातून काढलेलं

“सांगा बुवा, यातला कुठला ठेवू नि कुठला परत करू?”

भरमूने दोन्ही डबे चटईवर बुवांच्या पुढ्यात मांडले. लोखंडी, जेवणाच्या डब्याएवढे. प्रत्येकाच्या तोंडाला जाळीची खिडकी आणि खिडकीत काचेची नळी. माइकमधून येणारा बारीक आवाज या नळीतून गेला की भरदार होतो, गोड होतो, मग तो कॉम्प्युटरात घ्यायचा. मोठ्या स्टुडिओत असतात तसले डबे भरमूच्या आवाक्यातले नव्हेत. हे दोन त्यातल्या त्यात परवडणारे. दुकानदाराने ओळखीवर घरी नेऊन वापरून बघायला दिले होते.

बुवा डब्यांकडे बघत राहिले. 

भरमू त्यांचा सगळ्यात तयार शिष्य. भजनाला पेटी त्याच्याच हातात. कान तीक्ष्ण, आणि त्या कानाचा माजही तेवढाच. घराच्या माळ्यावर भिंतींना वाकळा ठोकून त्याने रेकॉर्डिंगची खोली केली होती. तिथं पहिलं गाणं घेतलं ते आक्काचं. आक्का म्हणजे बुवांची बायको. ती बुवांच्या भजनी मंडळात कधी बसली नाही. तिला बसवलं कुणी? जन्मभर चुलीपुढं गायली. माइकपुढं ते एकदाच, तेही भरमूने हट्ट धरला म्हणून.

पुढं पाचसहा महिन्यांत आक्का गेली.

त्यानंतर बुवांनी भरमूकडे दोनदा निरोप धाडला, की बाबा, एकदा तिचा आवाज ऐकव. दोन्ही वेळेला याने उलटा निरोप दिला, अजून कच्चं आहे, चांगलं यंत्र मिळालं की ऐकवतो. म्हातारा तिथं बायकोच्या आवाजासाठी झुरतोय आणि हा नळ्या निवडत बसलाय. असल्या हुशारीला काय म्हणावं?

आज बुवांच्या घरी आला होता तोही निवाडा मागायला. एका डब्याची नळी लावल्या लावल्या लालभडक दिसते, पण ती नुसती शोभा. मागं छोटा दिवा बसवलेला. दुसऱ्याची तापायला वेळ घेते आणि तापली की मंद घुमत राहते. भरमूला डावं-उजवं ठरवता येईना. म्हणून आक्काचंच गाणं आधी एकातून काढायचं, मग दुसऱ्यातून, आणि बुवांनी सांगायचं कुठलं चांगलं.

लावलं.

बुवांनी मान खाली घातली...

गाणं संपलं. भरमूने वायरी बदलल्या, नळी तापू दिली, दुसऱ्यातून लावलं. तेही संपलं.

“कुणाचं रे हे?” बुवांनी विचारलं.

भरमूला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

“आक्काचं, बुवा.”

“असंल... सूर तिचाच आहे.”

“मग?”

“ती कुठाय?”

भरमू गडबडला. मग समजावून सांगत सुटला. मूळ आवाजात घाण फार होती. पंख्याची घरघर, बांगड्यांची किणकिण, दम लागून घेतलेले श्वास, दोन ओळींमधला खोकला, मधेच केलेली बडबड. तांदळातले खडे निवडावेत तसं एकेक निवडून त्याने काढलं होतं. डोळे फुटायची वेळ आली होती त्यात. आता निव्वळ गाणं उरलं होतं. एकदा नळीची ऊब त्यात भरली, की वर्षश्राद्धाला चारचौघांत लावायचं.

“काढलंस ते?”

“काय, बुवा?”

“काढलंस ते कुठं टाकलंस?”

टाकलं नव्हतं. काम पुरं होईतो कापलेलं पुसायचं नाही, ही त्याची रीत. सगळे तुकडे एकापुढं एक जोडून वेगळे ठेवले होते. पण ते काय ऐकायचं, तो म्हणाला, तो कचरा आहे...

“लाव.”

“कुठल्यातून लावू?”

बुवांनी हात पुढं केला आणि दोन्ही डब्यांच्या वायरी उपटल्या. डबे बाजूला सारले, उष्टी ताटं सारावीत तसे.

मग नुसत्या लॅपटॉपवर लागलं. चिरकं, पत्र्यासारखं.

आधी पंख्याची घरघर. मग बांगड्या. एक श्वास, सूर वर चढवण्याआधी घेतलेला... आणखी एक, त्याहून तोकडा. मग खोकला. कोरडा, लांबलचक, आतून खरवडून काढणारा. हा खोकला भरमूने कापला तेव्हा आक्का हिंडती-फिरती होती. घाण म्हणून कापला. एवढ्या तीक्ष्ण कानाच्या माणसाला, हा कुणाच्या तरी कानावर घालावा, असं वाटलं नव्हतं.

त्याचा हात बंद करायला पुढं झाला. बुवांनी मनगट धरलं.

मग आक्का बोलली. गात नव्हती, बोलत होती.

“अवं, झालं का न्हाई? चला की घरला जेवाय. मलाबी भूक लागलीया.”

पुढं पुन्हा घरघर. उत्तर नाही.

भरमूला आठवलं. बुवा तेव्हा तिथंच होते, तिच्यापासून हातभर लांब, तंबोऱ्याची खुंटी पिळत. त्यांनी मान वर केली नव्हती. आक्का थोडा वेळ थांबली होती, आणि मग पदराने तोंड पुसून पुन्हा गायला लागली होती.

घरघर चालूच राहिली...

बुवांनी मनगट सोडलं. लॅपटॉपजवळ सरकले, वाकले, अगदी तोंड लावून.

“तू जेवून घे गं,” ते म्हणाले. “माझी वाट नको बघू.”