उमरभाईंच्या रेडिओतला हम

माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. शब्दही साधेच आहेत. गोष्ट मात्र जशी घडली तशी आहे.

"चाचा, आता तरी चिकटवू का?"

सोपानच्या एका बोटावर डिंक होता आणि दुसऱ्या हातात त्याच्या नावाची चिठ्ठी.

मिरजेत कादरचाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तिथली एक रीत होती. शिकणाऱ्यानं पहिला मेलेला सेट कुणाला न विचारता जिवंत केला, की मागच्या झाकणाच्या आतून स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठी लागली म्हणजे शिक्षण संपलं. मग त्यानं खुशाल आपलं दुकान मांडावं.

सोपानला घाई होती. सांगलीच्या मामांनी आपल्या टपरीचा अर्धा भाग त्याच्यासाठी मोकळा ठेवला होता, पण अट घातली होती की चाचांनी हो म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. चाचा अजून हो म्हणाले नव्हते. पाटी मात्र रंगवून झाली होती. 'सोपान इलेक्ट्रॉनिक्स', लाल अक्षरात, खाली पिवळी वीज.

पाटी रंगवल्यापासून सोपान 'मी' म्हणायचा बंद झाला होता. आता तो 'आम्ही' म्हणायचा.

समोरचा सेट उमरभाईंचा होता. उमरभाई सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवायचे. त्यांचा लाकडी पेटीचा जुना रेडिओ अचानक मुका झाला होता. दिवा नाही, खरखर नाही, काही नाही.

सोपाननं काम नीट केलं होतं, त्यात खोट नव्हती. उडालेला फ्यूज नुसता बदलून तो थांबला नाही. फ्यूज का उडाला याच्या मागं लागला आणि वीज आत घेणाऱ्या भागातला जळका डायोड शोधून काढला. नवा टाकला. रेडिओ गाऊ लागला.

"आम्ही एका बैठकीत उठवला," तो म्हणाला.

चाचांनी गाणं ऐकलं. मान हलवली.

"चिकटव," ते म्हणाले.

सोपाननं चिठ्ठी लावली, तळहातानं दोनदा दाबली, आणि संध्याकाळी रेडिओ स्वतः नेऊन दिला. मामांना फोन करायचा तेवढा राहिला, कारण चाचा 'चिकटव' म्हणाले होते, पण सांगलीला जायला अजून तोंडानं हो म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उमरभाई सायकल ढकलत आले. कॅरियरवर टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ.

त्यांनी आधी पाणी मागितलं, मग तक्रार सांगितली. रेडिओ छान जिवंत झाला होता. पण तो शेजारी लावून ठेवला की तंबोरा लागेना. गाण्याच्या खाली बसून कुणीतरी एकच सूर धरल्यासारखं वाटत होतं. हार्मोनियमची पांढरी पाच, जराशी चढी.

सोपानचा चेहरा उतरला. मग तापला. त्यानं वायर जोडली, रेडिओ लावला, बटण फिरवून आवाज मोठा केला. गाणं दुकानभर झालं. वर पंखा घरघरत होता, बाहेर रिक्षा ओरडत होत्या.

"कुठं आहे? आम्हाला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"पाटी रंगवलीस म्हणं," उमरभाई म्हणाले. "रंग उरला असंल तर कानालाबी लाव जरा."

चाचा हसले नाहीत. उठले, पंखा बंद केला आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

"आवाज बंद कर."

"रेडिओ बंद करू?"

"रेडिओ चालू राहू दे. आवाज शून्यावर आण."

"मग ऐकू काय येणार, चाचा?"

चाचांनी बटणाकडं बोट दाखवलं.

सोपाननं बटण मागं फिरवलं. गाणं बारीक झालं, संपलं. तिघांनीही पेटीकडं कान दिले.

आणि गाणं संपलं तिथून एक आवाज पुढं चालू राहिला. हूंऽऽ... पेटीत भुंगा कोंडल्यासारखा.

उमरभाईंनी डोळे मिटून मान डोलावली. सूर तोच होता.

सोपान बराच वेळ ऐकत राहिला. हा आवाज कालही असणार, आपण 'एका बैठकीत उठवला' म्हणालो तेव्हाही असणार, हे त्याला कळत होतं. तरी तोंडातून निघालंच.

"थोडा हम आहे. जुन्या सेटात असतोच तो. पण आम्ही डायोड तर..."

"काय आहे म्हणालास?"

"हम."

"आणि डायोड कुणी घातला?"

"आम्ही."

चाचांनी उमरभाईंकडं पाहिलं. उमरभाईंनी टॉवेल तोंडावर धरला, पण खांदे हलत होते.

सोपानला आधी कळलं नाही. मग कळलं, हिंदीत 'हम' म्हणजे 'आम्ही'च की, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"दिसतोय खरा," चाचा म्हणाले. "काढ तो."

हसत हसत उमरभाई गेले. शटर वर गेलं. सोपाननं रेडिओचा प्लग काढला, झाकण उघडलं. आतून त्याचं नाव त्याच्याकडं बघत होतं. डिंक अजून पुरता वाळला नव्हता. त्यानं नखानं कड उचलली, चिठ्ठी सोडवली आणि शर्टाच्या खिशात टाकली. हम गेला की पुन्हा लावू, असं त्यानं ठरवलं.

डायोडच्या पुढंच मोठा कपॅसिटर बसला होता. विजेच्या लाटा पिऊन सपाट करायचं त्याचं काम. वर्षानुवर्षं तापून तो आतून सुकला होता, बुडाशी पिवळट डाग होता. कालही तो डाग तिथंच होता. सोपानची नजर काल डायोड सापडल्यावर पुढं गेलीच नव्हती.

त्यानं नवा बसवला. पंखा बंद केला. आवाज शून्यावर आणून पेटीला कान लावला. भुंगा बारीक झाला होता, पण होता. मग त्याच्या शेजारचा छोटा कपॅसिटरही बदलला. पुन्हा कान लावला.

चाचा चहा पीत बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच सोपान सतारमेकर गल्लीत पोचला. उमरभाई तंबोऱ्याच्या भोपळ्याला कानस मारत होते. त्यानं रेडिओ ठेवला, वायर जोडली आणि बाजूला उभा राहिला.

उमरभाईंनी काम थांबवलं. पेटीकडं कान नेला. वाट पाहिली.

"अरे, लाव की," ते म्हणाले.

"लावलाय."

उमरभाईंनी पुन्हा कान नेला. मग हळूच बटण फिरवलं, आणि सकाळचं गाणं स्वच्छ बाहेर आलं. त्यांनी शेजारचा तंबोरा उचलला, एक तार छेडली, आणि सोपानला विसरून गेले.

सोपान दुकानात परतला तेव्हा चाचा शटर वर करत होते.

"काय म्हणाले उमरभाई?"

"म्हणाले, लाव की."

चाचांच्या मिशा हलल्या. "आणि चिठ्ठी?"

सोपाननं खिशाला हात लावला. चिठ्ठी तिथंच होती, घामानं मऊ झालेली. ती लावायची होती, हे त्याला आत्ता आठवलं.

"राहिलीच चाचा... ध्यानातच नाही आलं."

चाचांनी शटर पूर्ण वर ढकललं आणि हात झटकले.

"मामांना फोन लाव," ते म्हणाले. "सांग, हम गेला."